काळजी करायची की घ्यायची?

पावसाळ्यात चिक्कोडी-निपाणी भागातल्या बातम्या दरवर्षी जवळपास त्याच असतात. कोयनेतून विसर्ग वाढला, कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली, जत्राट-भिवशी मार्गावरची वाहतूक बंद, नदीकाठच्या कुटुंबांना शाळेत हलवलं. मग त्या शाळेच्या फाटकावर कन्नडमध्ये फलक लागतो : ‘काळजी केंद्र’. पूरग्रस्तांच्या निवारा केंद्राला कर्नाटक सरकारनं दिलेलं हे नाव. कन्नडमध्ये ‘काळजी’ म्हणजे आस्था, देखभाल. मराठी माणूस मात्र तो फलक पहिल्यांदा वाचतो तेव्हा हसतोच. काळजी करायला आणि केंद्र कशाला, घरी रात्रभर तेच तर चाललंय की!

आमच्या शेजारच्या वहिनींचं माहेर दूधगंगेच्या काठावर आहे. जुलै लागला की त्यांच्या हातातला फोन सुटत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे चहाला बसल्या असताना त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. चर्चमध्ये वर्षाअखेरीस वाटतात ते कॅलेंडर, वर बायबलमधलं एक वचन, खाली तारखा आणि आमच्या दुधाचे हिशेब. त्या महिन्याचं वचन होतं, ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ वहिनींनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, “म्हणायला काय जातंय ओ?”

त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना ही वाक्यं इतकी पाठ असतात की त्यांचा अर्थ कुणी विचारला की आपण आणखी एक वचन म्हणून दाखवतो. म्हणून नीट लिहून बघतो.

ही ओळ लिहिली कुठून?

आधी एक कबुली. कॅलेंडरवर निम्मंच वाक्य छापलं होतं. पुरं वाक्य असं आहे : ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’ पुढं लगेच म्हटलंय की तसं केल्यावर बुद्धीच्या पलीकडची शांती तुमची अंतःकरणं आणि विचार राखील. नुसतं पहिलं निम्मं वाक्य कुणाला ऐकवणं म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून ‘बुडू नको’ म्हणण्यासारखं आहे. वहिनींचा राग रास्त होता.

हे वाक्य पौलाच्या पत्रातलं आहे. पौल हा पहिल्या शतकातला येशूचा प्रचारक. त्यानं हे पत्र फिलिप्पै नावाच्या शहरातल्या मंडळीला लिहिलं. हे शहर आजच्या ग्रीसच्या उत्तर भागात होतं. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली ती रोमन वसाहत. मंडळी म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांचा समूह, इमारत नव्हे. पत्र लिहिताना पौल कैदेत होता. परंपरा सांगते की ही कैद रोममधली. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया सुचवतात. कुठलीही असो, आपण जगणार की मरणार हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तसं त्यानं पहिल्याच अध्यायात लिहिलंय.

वाचणाऱ्यांनाही तो कोण हे माहीत होतं. त्यांच्याच गावात त्याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं. त्या मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला प्रार्थना करत होते, स्तोत्रं गात होते, ही हकिगत प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. त्यामुळं आरामखुर्चीतल्या माणसाचा सल्ला म्हणून फिलिप्पैकरांनी ही ओळ वाचली नसणार.

चिंता वेगळी, काळजी वेगळी

आता त्या फलकाकडे परत येऊ. मराठीत ‘काळजी’ला दोन क्रियापदं लागतात आणि दोन्हींनी अर्थ पार बदलतो. काळजी करणे आणि काळजी घेणे. ‘काळजी करू नको’ आणि ‘काळजी घे’ ही दोन्ही वाक्यं आई एकाच दमात बोलते आणि आपल्याला त्यात विसंगती वाटत नाही. कन्नडनं या शब्दाचा घेण्याचा अर्थ ठळक ठेवला, बस्स.

पौलानं मूळ ग्रीकमध्ये वापरलेला शब्दही असाच दुधारी आहे. ‘चिंताक्रांत होऊ नका’ यातलं क्रियापदच त्यानं त्याच पत्रात दोन अध्याय आधी स्तुतीसाठी वापरलंय : तीमथ्यासारखा (हा त्याचा सहकारी) तुमची मनापासून काळजी वाहणारा माझ्याजवळ दुसरा कुणी नाही. आणि करिंथच्या मंडळीला लिहिताना तर तो कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांविषयीची चिंता रोज त्याच्यावर असते. म्हणजे ‘चिंता करू नका’ सांगणाऱ्यालाही चिंता होती. हे मला चर्चमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. सापडलं तेव्हा हायसं वाटलं.

येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रातलं वचन तर मराठीत फार नेमकं उतरलंय : आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. एकाच वाक्यात चिंता आणि काळजी, दोन वेगळे शब्द. ग्रीकमध्येही ते वेगळेच आहेत.

फरक ओळखायचा कसा? वहिनींचंच उदाहरण घेऊ. भावाला फोन करून ‘म्हशी वरच्या गल्लीत हलव, रेशनकार्ड आणि उतारे प्लास्टिकच्या पिशवीत घाल’ म्हणणं ही काळजी घेणं झाली. ते सगळं झाल्यावर रात्री दोन वाजता दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी बघत बसणं ही चिंता. पहिलीतून काहीतरी हललं. दुसरीतून फोनची बॅटरी तेवढी उतरली, पाणी काही उतरलं नाही. येशू डोंगरावरच्या प्रवचनात हेच विचारतो, चिंता करून आपलं आयुष्य हातभर वाढवणं तुमच्यापैकी कुणाला जमेल?

त्याच प्रवचनात आकाशातल्या पाखरांचा दाखला आहे : ती पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो. यावर शेतकरी हमखास हसतो, कारण पाखरं कुणाचं खातात हे त्याला चांगलं माहीत असतं. पण चिमणी घरट्यात बसून राहत नाही. ती दिवसभर वणवण करते, फक्त पुढच्या उन्हाळ्याचा घोर लावून घेत नाही. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढंच मागणं आहे. वर्षाची ज्वारी नाही, आजची भाकर. (आमच्या भागात कडक भाकरी करून ठेवली तर कितीतरी दिवस टिकते, हे येशूला कुणी सांगितलं असतं तर दाखला जरा अवघड गेला असता. पण जी बाई कडक भाकरी करून ठेवते ती काळजी घेते, करत नाही.)

देवाला सगळं ठाऊक असताना सांगायचं कशाला?

हा प्रश्न चांगला आहे, कारण येशू स्वतःच म्हणतो की तुम्ही मागण्याआधीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला माहीत असतात. मग ‘कळवा’ म्हणजे काय?

डॉक्टरच्या टेबलावर आपला रिपोर्ट आधीच पोचलेला असतो, तरी तो विचारतो, “काय होतंय?” आपण सांगू लागतो, आणि सांगता सांगता कळतं की दुखतंय ते पोटात नाही, बरगडीखाली आहे. चिंता धुक्यासारखी असते, सगळीकडे आणि कुठंच नाही. पौलाच्या वाक्यात ‘प्रार्थना’ आणि ‘विनंती’ असे दोन शब्द शेजारी आहेत. प्रार्थना म्हणजे देवाशी एकूणच बोलणं, विनंती म्हणजे नेमकं मागणं. चिंतेला नाव, रक्कम आणि तारीख मिळाली की ती धुक्यातून बाहेर येते.

खानापूर तालुक्यातली माझी आजी यात पटाईत होती. दिवेलागणीनंतर तिची प्रार्थना म्हणजे बाजाराची यादी वाटायची. ‘हे स्वर्गातल्या बापा’ असं सुरू व्हायचं आणि लगेच काळ्या म्हशीचं दुखरं सड, धाकट्याची फी, सोसायटीचा हप्ता, शेजारणीची जीभ. आम्हा पोरांना हसू यायचं. देवाला ती ‘तू’ म्हणायची, जसं सगळेच मराठी ख्रिस्ती म्हणतात. आबांना मात्र जन्मभर ‘अहो’. तक्रार करायची तर ‘तू’ लागतोच.

आणि तक्रार चालते. ख्रिस्ती माणसानं देवापुढं कायम हसतमुख जावं असं बऱ्याच जणांना वाटतं, ख्रिस्ती लोकांनासुद्धा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांत आक्रोशाची, गाऱ्हाण्याची स्तोत्रं भरपूर आहेत. तेरावं स्तोत्र ‘तू मला कुठवर विसरणार’ असं विचारत सुरू होतं. ते शेवटी तरी सावरतं. अठ्ठ्याऐंशीवं अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळही नाही. तरी ते काढून टाकलं नाही, जपून ठेवलं.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं, कॅथलिकांचं बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये झालं. आज या शहरात मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजीत उपासना चालतात. सीमाप्रश्नावर भांडणारी माणसं गाऱ्हाणं सांगायला आपापल्या भाषेत एकाच दारात जातात, याची मला नेहमी गंमत वाटते.

आभार कशाचे मानायचे? पुराचे?

इथं खरी अडचण आहे. मराठी घरात तसंही आभार मानायची पद्धत नाही. आईनं ताट वाढलं तर कुणी आभार मानत नाही, मानले तर ती विचारेल, “बरं आहे ना?” बाहेर गरज पडली तर आपण ‘थँक्यू’ म्हणतो, म्हणजे तेही उसनंच. त्यात संकटात आभार माना म्हणजे कहरच.

पौलाचे शब्द बारकाईनं बघायला हवेत. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. स्थितीत, स्थितीबद्दल नव्हे. पुराबद्दल आभार मानायचे नाहीत, पूर असताना मानायचे. आता कुणी जाणकार म्हणेल की इफिसकरांच्या पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे. आहे. ते वाचून काही भाविक दुखण्याबद्दलही आभार मानतात. मला ते जमत नाही, आणि लेकरू गमावलेल्या आईकडून कुणी तसं मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण फिलिप्पैकरांच्या ओळीत आभार हा मागणीचा सोबती आहे. मागणी ‘आभारप्रदर्शनासह’ कळवायची. काम झाल्यावरचे पेढे नव्हेत, अर्जासोबतच जोडलेला कागद.

दुकानदाराच्या वहीसारखं बघा. वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. चिंतेचं वैशिष्ट्य असं की ती रात्रभर नावे बाजूच लिहीत बसते. हप्ता नावे, फी नावे, पाणी नावे. त्यातलं खोटं काहीच नसतं. पण वही अर्धीच असते. आभार मानल्यानं नावे बाजूचा एक रुपयाही खोडला जात नाही. जमा बाजूला काय आहे ते फक्त लिहिलं जातं : भाऊ फोन उचलतोय, म्हशी वर पोचल्या, शाळेत सांबार-भात मिळतोय. मग जी बेरीज होते ती निदान खरी तरी असते.

येशूनं धरून दिला जाण्याच्या रात्री भाकर हातात घेऊन आधी उपकारस्तुती केली आणि मग ती मोडली. त्या जेवणाच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर मोडतात, त्या प्रभुभोजनाला किंवा कॅथलिकांच्या मिस्सेला ग्रीकमधून आलेलं जे जुनं नाव आहे, त्याचा अर्थच आभारप्रदर्शन. सर्वांत वाईट रात्रीच्या जेवणाला हे नाव पडलंय.

आमच्याकडे सुगीनंतर हंगामाची उपासना होते. लोक भात, ऊस, भोपळे, नारळ, कोंबड्या घेऊन येतात, वेदीपुढं ठेवतात आणि उपासना संपल्यावर आवारात त्यांचा लिलाव होतो. एका वाईट वर्षी, शेत पाण्यात गेलेल्या एका घरानं शनिवारच्या बाजारातून विकत आणलेला भोपळा ठेवला होता. सगळ्यांना ते कळत होतं, कुणी बोललं नाही. लिलावात त्या भोपळ्यावर अशी काही चुरस लागली की बोली चौपटीच्या वर गेली. त्या घरचा म्हातारा खाली मान घालून हसत होता.

शांती येते म्हणजे काय होतं?

पौल म्हणतो, शांती तुमची अंतःकरणं ‘राखील’. ग्रीकमधला हा शब्द लष्करी आहे, पहाऱ्याचा. सैनिकांच्या वसाहतीत राहणाऱ्या फिलिप्पैकरांना तो लगेच समजला असणार, जसा बेळगावकरांना समजेल. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या फाटकावर उभा असलेला जवान आपण रोज बघतो. पहारा असतो याचा अर्थ बाहेर धोका नाही असा नसतो. धोका आहे म्हणूनच पहारा असतो.

मराठीत तर ‘राखणे’ हा शेताचा शब्द आहे. जोंधळा भरला की माळ्यावर बसून राखण करतात. पाखरं येतातच. त्यांना उतरून बसू द्यायचं नाही, एवढंच राखणदाराचं काम. ख्रिस्ती शिकवणीतली शांती ही अशी आहे. चिंतेचा विचार येणारच, तो तळ ठोकून बसत नाही.

मागितलेलं मिळालं नाही तर?

नाही मिळत, बऱ्याचदा. चर्चमध्ये साक्ष देतात, म्हणजे देवानं काय केलं ते उभं राहून सांगतात. तिथं नोकरी लागलेला उभा राहतो, न लागलेला गुपचूप घरी जातो. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं की प्रार्थना म्हणजे एटीएम, आपलंच कार्ड चालत नाही.

बायबल इतकं लपवाछपवी करत नाही. गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ अशी प्रार्थना केली, आपला जीव मरणाएवढा खिन्न झालाय असं मित्रांना सांगितलं. प्याला म्हणजे समोर आलेलं मरण. तो टळला नाही. पौलानंही आपल्या शरीरातला ‘काटा’ जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा काय होता कुणास ठाऊक, पण तो गेला नाही. उत्तर मिळालं ते, माझी कृपा तुला पुरे. तेव्हा घाबरणं हे पाप असतं तर ते पहिल्यांदा येशूच्याच नावे लिहावं लागेल.

हा मनाचाच खेळ नाही का?

थोडाफार असेलही. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे दर आठवड्याला आभार मानाव्याशा वाटणाऱ्या गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्याविषयी जास्त बरं वाटलं. पुढं अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा चिंता आणि नैराश्यावरचा परिणाम लहानच निघाला. म्हणजे आभाराची वही हे औषध नव्हे.

प्रार्थनेचा प्रयोगही झालाय. २००६ मध्ये बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. अनोळखी लोकांनी रुग्णांसाठी प्रार्थना केली, तिचा काही फायदा दिसला नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना चाललीये हे ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली, ५९ टक्के, इतरांत ५२च्या आसपास. काही भाविकांना हे झोंबतं. मला नाही. बापाशी बोलणं हे तराजूत घालून बघायची गोष्टच नव्हे, आणि ज्यानं ती बरं होण्याची हमी म्हणून विकली त्यानं आधीच चूक केलीये.

मग डॉक्टरकडे जायचं नाही?

जायचं. झोप उडालीये, छातीत धडधडतंय, जेवण जात नाही आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय, तर तो आजार आहे. विश्वासाची कमतरता नाही. लूक, ज्याच्या नावानं एक शुभवर्तमान आहे, त्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आमच्याकडे ‘धारवाडला न्यायला पाहिजे’ हे अजून चेष्टेत म्हणतात, पण धारवाडच्या डिमहान्स या मनोरुग्णालयात गेल्यानं माणसाची किंमत कमी होत नाही. प्रवास नको असेल तर मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करता येतो. गोळ्या चालू असलेल्याला ‘प्रार्थना कर, गोळ्या सोड’ सांगणारा पाळक भेटला तर पाळक सोडावा.

आणि ‘आभार मान’ म्हणजे ‘गप्प बस’?

असा वापर होतो खरा. पंचनाम्याला कुणी फिरकत नाही आणि वर ऐकवलं जातं, जीव वाचला ना, आभार माना. पौलाच्या ओळीत मात्र आभाराच्या पुढचाच शब्द ‘मागणी’ आहे. येशूनं सांगितलेल्या दाखल्यात एक विधवा निर्ढावलेल्या न्यायाधीशाच्या दारात इतक्या खेटा घालते की तो वैतागून तिला न्याय देतो, आणि हा दाखला त्यानं प्रार्थना कशी करावी हे शिकवायला सांगितलाय. भरपाईचा अर्ज आणि प्रार्थना एकाच दिवशी करता येते.

यातलं निम्मंअधिक मी वहिनींना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांना येशूविषयी फारसं घेणंदेणं नाही, घरात विठोबा आहे आणि तो पुरेसा आहे असं त्या म्हणाल्या. पण यादीची कल्पना त्यांना पटली. आमच्याच कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून त्यांनी पाठकोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. पाणी. आईचं गुडघं. भावाचा ऊस. फीचा दुसरा हप्ता, १८ तारीख. एवढं लिहून पेन थांबलं.

“आणि ते आभाराचं कुठं लिहायचं ओ, मागं?”

“मागं वचन छापलंय. ह्याच बाजूला लिहा, शेजारी.”

त्यांनी मधोमध एक उभी रेघ ओढली.